रंग उडालेली गिटार

आयर्लंडला लोक जातात हिरवीगार कुरणं, किल्ले आणि काळी बिअर बघायला. आम्ही कॉर्क शहरात एका गिटारवाल्याचा पत्ता शोधत फिरलो. तो सापडला, पण जरा वेगळ्याच ठिकाणी!

गिटारवाले म्हटलं की आपली यादी ठरलेली असते. हेंड्रिक्स, क्लॅप्टन, जिमी पेज, मार्क नॉफ्लर. फार तर डेव्हिड गिलमोर. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये विषय काढून बघा, पाच मिनिटांत भांडण जुंपेल, पण नावं हीच असतील. यात कुणी मध्येच 'रोरी गॅलहर' म्हणालं तर समजायचं, की एक तर हा माणूस स्वतः गिटार वाजवतो, किंवा त्याच्या घरी माझ्या दादासारखा एखादा दादा आहे.

दादा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. मी चौथीत होते तेव्हा तो इंजिनिअरिंगला, आणि अर्थातच कॉलेजच्या बँडमध्ये. आमच्या पुण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात एक नव्वद मिनिटांची कॅसेट अहोरात्र वाजायची. कुणाच्या तरी कॅसेटवरून कॉपी केलेली, वर बॉलपेननं लिहिलेलं 'आयरिश टूर'. शेवटचं गाणं मध्येच तुटायचं, कारण टेप संपायची! एकदा गिटारचा एक लांबलचक सोलो चालू असताना आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "अरे, काय दुखतंय त्याला?"

आम्ही दोघं तेव्हा जाम हसलो होतो. आता वाटतं, रोरी गॅलहरच्या वाजवण्यावर इतकी अचूक प्रतिक्रिया मी नंतर कुठेच वाचली नाही.

पुढे दादाला नोकरी लागली, लग्न झालं, फ्लॅट झाला. गिटार माळ्यावर गेली. आणि मग गेल्या वर्षी माझ्या कंपनीनं मला तीन महिन्यांसाठी कॉर्कला पाठवलं. दादाला फोन केला तर एक क्षण पलीकडून काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "कॉर्क? मग रोरीला भेटून ये."

पुलांचं गाव

कॉर्क हे आयर्लंडचं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. कॉर्ककरांना विचाराल तर पहिल्या क्रमांकाचं! डब्लिनचं नाव काढलं की इथल्या लोकांच्या चेहऱ्यावर जे भाव येतात ते पुणेकराला लगेच ओळखू येतात. ली नदी शहरात शिरताना दोन फाटे फोडते आणि जुनं शहर त्या दोन प्रवाहांच्या मधल्या बेटावर वसलंय. त्यामुळे कुठेही निघा, दहा मिनिटांत एखादा पूल लागतोच. १७८८ सालापासून भरणारा इंग्लिश मार्केट नावाचा झकास बाजार आहे, टेकडीवर शँडनचं चर्च आहे. तिथे तिकीट काढून चक्क आपल्या हातानं घंटा वाजवता येतात. पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही. तो नुसता असतो. सकाळी असतो, दुपारी असतो, तुम्ही छत्री उघडलीत की थांबतो.

इथे आल्यावर पहिली गोष्ट कळली ती म्हणजे आम्ही इतकी वर्षं नावच चुकीचं घेत होतो. दादा 'गॅलॅघर' म्हणायचा. इथे मधला 'ग' खाऊन टाकतात. गॅलहर. ऑफिसमधल्या आयरिश सहकाऱ्यानं हे सुधारलं आणि मग पुढचा अर्धा तास मीटिंग बाजूला ठेवून रोरीवर बोलत बसला. त्याच्या वडिलांनी म्हणे रोरीला सिटी हॉलमध्ये ऐकलं होतं. कॉर्कमध्ये प्रत्येकाच्या वडिलांनी त्याला सिटी हॉलमध्ये ऐकलेलं असतं, हे मला नंतर समजलं.

रोरी जन्मानं कॉर्कचा नाही. २ मार्च १९४८ला तो देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, डोनेगल परगण्यातल्या बॅलिशॅनन गावात जन्मला. वडील एर्न नदीवरच्या जलविद्युत प्रकल्पाच्या कामावर होते. मग काही वर्षं डेरी, आणि नंतर आई दोन मुलांना घेऊन माहेरी कॉर्कला आली. नदीच्या उत्तरेला मॅककर्टन स्ट्रीट म्हणून रस्ता आहे. तिथे आजी-आजोबांचा मॉडर्न बार नावाचा पब होता आणि हे कुटुंब वरच्या मजल्यावर राहायचं. आज तो रस्ता रेस्तराँ, थिएटर आणि कॉफीच्या दुकानांनी गजबजलेला आहे. मी संध्याकाळी तिथे उभी राहून वरच्या खिडक्या बघत होते. शाळेतून येऊन यातल्याच एखाद्या खिडकीमागे एक लाजाळू पोरगा रेडिओला कान लावून अमेरिकन ब्लूज ऐकत असणार. आपल्याकडे रेडिओ सिलोन ऐकत एक पिढी वाढली, तसंच.

शंभर पौंडांचं कर्ज

१९६३. रोरी पंधरा वर्षांचा. कॉर्कच्या क्रॉलीज म्युझिक स्टोअरमध्ये एक सेकंडहँड फेंडर स्ट्रॅटोकास्टर आली. १९६१चं मॉडेल, सनबर्स्ट रंगाचं, म्हणजे मध्ये पिवळसर आणि कडेला गडद होत जाणारं. रॉयल शोबँड नावाच्या प्रसिद्ध बँडमधल्या गिटारवाल्यानं लाल रंगाची मागवली होती, कंपनीनं भलतीच पाठवली. त्यानं काही दिवस वाजवून लाल मिळाल्यावर ही विकायला काढली. आयर्लंडमध्ये आलेली ही पहिलीच स्ट्रॅटोकास्टर, असं सांगतात.

किंमत शंभर पौंडांना थोडीशी कमी. त्या घरासाठी हा आकडा म्हणजे वेडेपणाच. रोरीनं हप्त्यांवर घ्यायचं ठरवलं आणि आईची समजूत घातली, की या एका गिटारवर मी ऱ्हिदमही वाजवीन आणि लीडही, म्हणजे बँडला दुसरा गिटारवाला लागणारच नाही! ईएमआयवर बाइक घेताना आपण घरी जे हिशेब मांडतो, त्याच जातीचा हा हिशेब. फरक एवढाच, की रोरीनं तो पुढे शब्दशः खरा करून दाखवला.

ही गिटार १९६६मध्ये डब्लिनमध्ये चोरीलाही गेली. टीव्हीवर पोलिसांच्या कार्यक्रमात तिची बातमी दाखवली गेली आणि काही दिवसांनी ती एका खड्ड्यात, पावसात भिजलेली सापडली. एक तर हे पाणी, त्यात स्टेजवर दोन-दोन, तीन-तीन तास गाळलेला घाम. हळूहळू रंग असा उडाला, की शेवटी उघडं लाकूडच राहिलं. रोरीनं ती कधी रंगवून घेतली नाही. गंमत बघा, पुढे फेंडर कंपनीनंच या गिटारची हुबेहूब प्रतिकृती काढली. मुद्दाम रंग उडवलेली, आणि नव्या कोऱ्या गिटारपेक्षा कितीतरी महाग! गुडघ्यावर फाडून विकतात त्या जीन्ससारखं. विकतचा जुनेपणा.

'काय दुखतंय त्याला?'

आता मुद्द्याचं. त्याच्या सोलोत असं आहे काय?

आपल्याकडे गाण्याच्या बैठकीत एखाद्या गायकानं सुरेख हरकत घेतली की लोक म्हणतात, "काय जागा घेतली!" रॉकमधले बरेच सोलो मला जिन्यावरून धावत खाली-वर करणाऱ्या पोरासारखे वाटतात. वेग आहे, दमसास आहे, पण जागा नाहीत. रोरी जागा घेतो. एक सूर धरतो, तार ओढून त्याला वरच्या सुराकडे नेतो, आपल्या मींडेसारखा, आणि तिथे पोचायच्या किंचित आधी थांबतो. तुमच्या पोटात खड्डा पडतो. मग तो पोचतो.

आणि हे सगळं करायला त्याच्याकडे साधनं किती? सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला तर एक गिटार, एक व्हॉक्सचा अँप्लिफायर आणि आवाजाला धार आणणारा रेंजमास्टर नावाचा एक छोटा डबा. बस्स. पायाशी पेडल्सची आरास नाही. गिटारवरचं टोनचं बटण करंगळीनं पिळत तो असा काही आवाज काढायचा, की वाटावं गिटार तोंड उघडतेय, मिटतेय. आवाजाचं बटण शून्यावर ठेवून तार छेडायची आणि मग ते हळूच वर न्यायचं. अशानं तार छेडल्याचा आघात ऐकूच येत नाही, नुसता सूर येतो. व्हायोलिनसारखा, किंवा कुणीतरी दूरवरून हाक मारल्यासारखा. क्वीन बँडचा ब्रायन मे पोरसवदा असताना त्याला भेटला होता आणि 'हा आवाज कसा काढतोस?' असं थेट विचारलं होतं. रोरीनं सगळं सांगून टाकलं. मे पुढे तसाच अँप्लिफायर आणि तसाच डबा घेऊन सुरुवात केल्याचं स्वतःच सांगत आलाय.

दादाची कॅसेट होती १९७४च्या जानेवारीतल्या दौऱ्याची. बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्क. उत्तर आयर्लंड तेव्हा बॉम्बस्फोटांनी होरपळत होतं, बाहेरचे बहुतेक बँड बेलफास्टचं नावही काढत नव्हते. रोरी जात राहिला. हे लक्षात ठेवून ती रेकॉर्ड ऐका. श्रोत्यांचा जो आवाज त्यात येतो तो नुसत्या फॅन्सचा नाही. आपलं कुणीतरी आलं, असा तो आवाज आहे.

त्यातलं 'अ मिलियन माइल्स अवे' नऊ मिनिटांहून मोठं आहे. गर्दीनं भरलेल्या बारमध्ये बसलेला एकटा माणूस, एवढाच गाण्याचा ऐवज. मधल्या सोलोत तो आवाज कमी कमी करत नेतो. इतर कुणी असता तर इथे आतषबाजी केली असती. हा उलट कुजबुजायला लागतो. एकेक सूर, मध्ये शांतता. कीबोर्ड आणि ड्रम्सही दबक्या पावलांनी चालतात. आणि मग अगदी सावकाश सगळं परत वर चढतं आणि तो समेवर येतो. गाण्याच्या शब्दांत जे एकटेपण सांगून झालंय, ते सोलोत तुम्हाला होतं. सांगणं आणि होणं, हा फरक आहे.

त्याच रेकॉर्डवरचं 'वॉक ऑन हॉट कोल्स' अकरा मिनिटांचं आणि नुसता धबधबा. हाच माणूस तोही. पण तिथेसुद्धा तो बोटं दाखवायला वाजवत नाही. मुलाखतींमध्ये हळू आवाजात, संकोचत बोलणारा हा प्राणी स्टेजवर चौकड्यांच्या शर्टात बदकासारखा उड्या मारायचा, कारण त्याचं खरं बोलणं तेवढ्याच वेळात व्हायचं.

नाही म्हणणारा

मग एवढा भारी होता तर आपल्या यादीत का नाही?

१९७१मध्ये 'मेलडी मेकर' या ब्रिटिश साप्ताहिकाच्या वाचकांनी त्याला गिटारवाद्यांमध्ये पहिला नंबर दिला होता, क्लॅप्टनला मागे टाकून. म्हणजे संधी नव्हती असं नाही. पण हा पठ्ठ्या नाही म्हणण्यात वस्ताद. रेडिओवर वाजायचं तर गाण्याची छोटी सिंगल काढावी लागते. हा सिंगल काढायलाच तयार नाही. गाणं कापायचं कशाला? चकाचक कपडे, झगमगाट, सगळ्याला नाही.

सगळ्यात मोठं 'नाही' १९७५च्या जानेवारीतलं. रोलिंग स्टोन्समधून मिक टेलर नुकताच बाहेर पडला होता. स्टोन्सनी रोरीला रॉटरडॅमला बोलावलं. हा गिटार घेऊन गेला, काही दिवस त्यांच्याबरोबर वाजवलं. पण त्याचा जपानचा दौरा आधी ठरलेला होता. तारीख आली, हा उठला आणि जपानला गेला. ती जागा पुढे रॉनी वूडला मिळाली.

जगातल्या सगळ्यात मोठ्या बँडची ऑफर, आणि हा म्हणतो, तिकडे लोकांनी तिकिटं काढलीत! ऑफिसमध्ये मी हा किस्सा सांगितला तर आमचा टीम लीड म्हणाला, "करिअर सुइसाइड." असेलही. पण मला आठवले ते जपानमधले तिकीटवाले. त्यांना कधी कळलंही नसेल, की त्या संध्याकाळची किंमत काय होती.

एक सांगायला हवं, ही सगळी गोष्ट गोड नाही. सततचे दौरे, विमानाची भीती, त्यावरच्या गोळ्या, दारू. शरीर थकत गेलं. १९९५मध्ये लंडनला यकृताचं प्रत्यारोपण झालं, पण नंतरच्या संसर्गातून तो सावरला नाही. १४ जून १९९५ला गेला तेव्हा वय होतं ४७. लग्न नाही, मूल नाही. मागे एक भाऊ, जो आयुष्यभर त्याचा मॅनेजर होता, आणि ती रंग उडालेली गिटार.

दादा यंदा सत्तेचाळीसचा होईल. हे कॉर्कमध्ये, बसमध्ये बसल्या बसल्या अचानक लक्षात आलं.

तो सापडला ते ठिकाण

एका रविवारी मी शहराच्या पश्चिमेला, बॅलिनकॉलिगजवळच्या सेंट ऑलिव्हर दफनभूमीत गेले. सूर्यकिरणांसारखी पसरलेली कबरीवरची रचना लांबूनच ओळखू येते. त्याला मिळालेल्या उत्कृष्ट गिटारवादकाच्या पुरस्काराच्या आकारावर ती बेतली आहे. कुणीतरी गिटारच्या पिका ठेवून गेलं होतं, देवळात पाच-दहा पैशांची नाणी ठेवावीत तशा. बारीक पाऊस होता. मी उभी राहिले, फोटो काढला, पण खरं सांगायचं तर काही वाटलं नाही. 'भेटून ये' म्हणाला होता दादा. ही काही भेट नव्हती.

भेट झाली ती मंगळवारी, ऑफिसहून परतताना. पॉल स्ट्रीटजवळ एक छोटा चौक आहे. १९९७पासून त्याचं नाव रोरी गॅलहर प्लेस. मध्ये ब्राँझचं शिल्प आहे, वितळून वळल्यासारखी गिटार आणि तिच्यातून वाहणारे त्याच्या गाण्यांचे शब्द. त्याच्या लहानपणीच्या मैत्रिणीनं, जेराल्डिन क्रीडननं ते घडवलंय. पुतळा वगैरे नाही, हात उंचावलेला नायक नाही. पोरं स्केटबोर्ड घेऊन हुंदडत होती, एक आजी बाकावर सँडविच खात होत्या. मी शेजारी बसले आणि कानात हेडफोन घातले. 'अ मिलियन माइल्स अवे'.

तो कुजबुजण्याचा भाग आला तेव्हा सगळा चौक एकदम लांब गेला. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला घरची इतकी आठवण आली, की शेजारच्या आजींनी न बोलता आपल्याजवळचा कागदी रुमाल पुढे केला. मी म्हटलं, "सॉरी, गाणं ऐकतेय." त्यांनी शिल्पाकडे मान वळवली आणि विचारलं, "याचं?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग ठीक आहे."

त्यांनीच मला गिटारची पुढची गोष्ट सांगितली. ऑक्टोबर २०२४मध्ये रोरीच्या भावानं ती लिलावाला काढली. लंडनमध्ये बोनहॅम्सच्या लिलावात. सगळ्या आयर्लंडच्या पोटात गोळा! एखाद्या परदेशी धनिकाच्या तिजोरीत गेली तर? बोली सात लाख पौंडांवर थांबली. कर-कमिशन धरून ८,८९,४०० पौंड. घेणारे निघाले आयर्लंडमधलेच कॉन्सर्ट आयोजक, आणि त्यांनी ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकली. हप्त्यांवर घेतलेली शंभर पौंडांची गिटार आता सगळ्या देशाची झाली. "पण खरं तर ती कॉर्कची," आजी म्हणाल्या. कॉर्ककर तो कॉर्ककरच!

मी तिथूनच दादाला फोन लावला. पुण्यात रात्रीचे साडेअकरा. चौकाचं वर्णन केलं, शिल्पाचं, आजींचं. तो ऐकत राहिला. मग विचारलं, "शेवटचं गाणं ऐकलंस का गं? आपल्या कॅसेटवर तुटायचं ते?"

ऐकलं होतं. पूर्ण.

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग दादा म्हणाला, "माझ्या तारा गंजल्या असतील आता." मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी लंच ब्रेकमध्ये मी वाद्यांच्या दुकानात जाऊन तारांचा एक सेट घेतला. पुण्यात मिळत नाहीत असं थोडंच आहे? पण या कॉर्कच्या.

परत येऊन आता बरेच महिने झाले. तारा अजून पाकिटातच आहेत. दादाला वेळ नाही, क्वार्टर एंड आहे, मुलीची दहावी आहे. पण परवा त्याच्याकडे गेले तर गिटार माळ्यावरून खाली आली होती. हॉलच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून.

जायचं असेल तर

आयर्लंड शेंगेनमध्ये येत नाही, त्यामुळे युरोपच्या ट्रिपला जोडून जाणार असाल तर व्हिसाचं वेगळं बघा. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून कॉर्कला ट्रेननं साधारण अडीच तास लागतात. मॅककर्टन स्ट्रीट, इंग्लिश मार्केट आणि रोरी गॅलहर प्लेस हे सगळं चालत एका दिवसात होतं. कॉर्कच्या सिटी लायब्ररीतला संगीत विभागही रोरीच्याच नावाचा आहे. पाऊस आला की तिथे शिरा. वेळ असेल तर उत्तरेला बॅलिशॅननला जा. तिथे २०१०मध्ये बसवलेला त्याचा पुतळा आहे आणि दरवर्षी त्याच्या नावानं महोत्सव भरतो. बेलफास्टलाही अल्स्टर हॉलबाहेर जानेवारी २०२५पासून तो ब्राँझमध्ये उभा आहे.

ऐकायचं असेल तर

'आयरिश टूर ७४'पासून सुरुवात करा, रात्री, हेडफोन लावून. मग 'लाइव्ह इन युरोप' (१९७२). स्टुडिओतलं हवं असेल तर 'टॅटू' (१९७३). ऑफिसात काम करता करता ऐकू नका. हा माणूस पार्श्वसंगीत म्हणून वाजतच नाही. आणि घरातल्या कुणी येऊन 'काय दुखतंय त्याला?' असं विचारलं, तर समजा, बरोबर ऐकताय.